बर्फाच्या टबातली बिअर आणि गेलेले ८,१६० रुपये

६५० मिलीच्या ४८ बाटल्या. एमआरपी २००, लावल्या १७० नं. एकूण ८,१६० रुपये, फोनवरून भरलेले, बिल नाही. "स्कीम आहे मालक, गारच देतो की," म्हणत सोलापुरातल्या एका बिअर शॉपीवाल्यानं सगळा माल बर्फाच्या टबातून काढून पिशव्यांत भरला.

गोम तिथंच होती! बर्फाच्या पाण्यात लेबल भिजून लोंबतं, काचेवर दव धरतं आणि तारीख पुसलीय हे दिसतच नाही. पण मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात, ४८ बाटल्या कोरड्या करून कोण वाचत बसतो? धंदा यावरच चालतो. एका बाटलीवर शाई अर्धवट राहिली होती: ऑगस्ट. मुदत सहा महिने, म्हणजे फेब्रुवारीतच संपलेली.

कित्येक बाटल्यांत गॅसच नव्हता. यावर उत्तर ठरलेलं: "बर्फातली आहे, फेस कमीच येणार." अर्धं खरं आहे, म्हणूनच पचतं. फार गार बिअरला फेस कमी येतो, तेलकट ग्लासात तो बसतोही. पण बूच घट्ट असेल तर नुसत्या जुनेपणानं गॅस जात नाही. गेला, म्हणजे बूच सैल. डीप फ्रीजरमध्ये उणे दोन-तीन अंशांला बिअर गोठते, फुगते, बूच उचलतं. वितळल्यावर तळाशी पांढरे कण दिसतात. बुचाला २१ दाते असतात. बोट फिरवा, दाता उचललेला किंवा गंजलेला असेल तर परत करा.

जुनेपणा चवीत कळतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस, ३ अंशांत तीनशे: बिअर सारखीच उतरते, असा ढोबळ हिशेब आहे. आता सोलापुरातल्या पत्र्याच्या गोदामाचा हिशेब तुम्हीच करा. हिरव्या बाटलीला ऊन लागलं की काही मिनिटांत उग्र वास धरतो. कॅनमध्ये उजेड शिरत नाही, उष्णता शिरतेच.

तक्रार? एक खातं म्हणालं, आम्ही परवाना आणि कर बघतो. दुसऱ्यानं विचारलं, कुणाला उलट्या झाल्या का? नाही? मग 'बेस्ट बिफोर' म्हणजे एक्सपायरी नव्हे, घरी जा. तिसऱ्या टेबलावर आधी आमचाच पिण्याचा परवाना मागितला, मग बिल. तारीख पुसणारा निवांत दुकानात, आणि चौकशी आमची! अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपा. दोन बाटल्या न उघडता, उभ्या, फ्रिजमध्ये ठेवा, पुरावा तोच. आणि माल खोक्यातून, कोरडाच घ्या. बर्फ घरी आणता येतो. खोक्यावरही बॅच आणि तारीख असते. आम्हाला त्यानं खोकी दिलीच नाहीत, "रद्दीवाल्याला लागतात" म्हणाला.