नटरंग (2010): अतुल कुलकर्णीसाठी तरी बघाच
नटरंग सिनेमा परत बघितला आणि अतुल कुलकर्णीचं काम परत तितकंच भारी वाटलं. सुरुवातीचा त्याचा गुणा म्हणजे पिळदार अंगाचा रांगडा गडी, राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा, आणि तोच पुढे तमाशातला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा नट, होतो तेव्हा नुसतं वजन उतरवलेलं नाहीये, मान, मनगट, चाल सगळंच बदललंय. पण डोळ्यात राजा तसाच राहतो, मला तर तेच सगळ्यात अवघड वाटतं. नुसता मेकअप बदलून माणूस बदलत नाही हो! चांदनी बार सिनेमातला त्याचा पोत्या सावंत बघा, तिथे गुणा शोधूनही सापडणार नाही, नॅशनल अवॉर्ड उगाच नाही मिळालं. शेवट जरा घाईत उरकलाय, पण अजय-अतुलची गाणी इतकी भारी की बोलायलाच नको. साडेचार स्टार.