किमाई की अनुको? आधी ऑफिसची सवय बघा

किमाई आणि अनुको ही कामाचे तास नोंदवायची दोन सॉफ्टवेअर. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली, दोन्ही आपल्याच सर्व्हरवर बसणारी. त्यामुळे किमाई घ्यायचं की अनुको टाइम ट्रॅकर, हा प्रश्न पैशांनी सुटत नाही. तो सुटतो इन्स्टॉल झाल्यावर सेटिंग भरायला बसलात की.

अनुकोचा मामला साधा. नमुन्याची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल कॉपी करा, तिच्यात डेटाबेसचा तपशील टाका, ब्राउझरमध्ये डीबी-इन्स्टॉलचं पान उघडून टेबलं तयार करा. मात्र पहिलं लॉगिन ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘सीक्रेट’. नाव सीक्रेट, पण ठाऊक सगळ्यांना! तो लगेच बदला, आणि डीबी-इन्स्टॉलची फाइल सर्व्हरवरून काढून टाका. नवखा माणूस अडतो तो याच्या पुढे: ॲडमिन म्हणून आत गेलं की तास भरायची जागाच सापडत नाही. ॲडमिनने फक्त ग्रुप आणि त्याचा मॅनेजर तयार करायचा; बाकी सगळं मॅनेजरच्या लॉगिनमधून.

किमाईला कमांड लाइन (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) नाहीतर डॉकर (सॉफ्टवेअर तयार पेटीतून चालवायचं साधन) लागतो. सुपर ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, आपणच कमांड देऊन तयार करायचा, म्हणजे ठरलेल्या पासवर्डची भानगड नाही. पण ग्राहक, त्याखाली प्रोजेक्ट, मग ॲक्टिव्हिटी ही उतरंड आधी रचावी लागते. अनुकोत नुसते तास, तास आणि प्रोजेक्ट, किंवा टास्कसकट, यातलं हवं ते निवडता येतं.

खरा फरक राउंडिंगमध्ये, म्हणजे वेळ ठरावीक मिनिटांच्या टप्प्याला सरकवण्यात, आणि बिल तासावर असेल तर इथेच थांबून विचार करा. समजा, क्लायंटचा फोन १०:०७ ला आला, १०:१४ ला संपला. किमाईत सुरुवात आणि शेवट दोन्हींना १५ मिनिटांचं राउंडिंग लावून मोड ‘डीफॉल्ट’ ठेवला, तर सुरुवात मागे सरकते, शेवट पुढे: नोंद १०:०० ते १०:१५. सात मिनिटांची झाली पंधरा. ‘क्लोझेस्ट’ ठेवलात तर दोन्ही टोकं जवळच्या पाव तासाला चिकटतात आणि मिळतात तीही पंधराच, पण १०:०० ते १०:०७ च्या फोनचं शून्य होतं. कोणता मोड क्लायंटला तोंड दाखवू देईल, हे मालकाने ठरवायचं, सेटिंग भरणाऱ्या पोराने नव्हे.

किमाईच्या ‘पंच’ मोडमध्ये तर सुरुवात-शेवटाची वेळ माणसाला स्वतः बदलताच येत नाही. संध्याकाळी निघताना आठवून तास भरणाऱ्या ऑफिसात हा मोड लावलात, तर आठवडाभरात बंड होईल. अशांना अनुकोचा नुसता ‘कालावधी’ भरायचा पर्याय पुरतो. महिना उलटल्यावर जुन्या नोंदींशी कुणी खेळू नये, यासाठी त्यात लॉकिंगचं प्लगइनही आहे. त्याची वेळ मात्र क्रॉनच्या (सर्व्हरवर वेळापत्रक लिहायच्या) भाषेत लिहायची, ती एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

माझं विचाराल, तर वकील, सीए, डिझायनर यांनी किमाईचा खटाटोप करावा. अनुदानाच्या अहवालासाठी तास मोजणाऱ्या छोट्या संस्थेला अनुको बरं.

किमाई घेतलंत तर पहिली नोंद करण्याआधी टाइमझोन एशिया/कोलकाता करा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिलं, तर सकाळी १० ला आलेला माणूस पहाटे ४:३० ला आलेला दिसेल.