ब्लाइंड्स चौकटीच्या आत की बाहेर भिंतीवर?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला ब्लाइंड चौकटीबाहेर, खोलीतल्या भिंतीवरच लावा. चौकटीच्या आत बसवलेल्या रोलरचं (गुंडाळल्या जाणाऱ्या ब्लाइंडचं) कापड ब्रॅकेटमुळे दोन्ही बाजूंना साधारण दीड-दोन सेंटीमीटर कमी पडतं आणि दुपारी चारला त्याच फटीतून उन्हाची पट्टी थेट पलंगावर येते. बाहेर बसवताना दोन्ही बाजूंना ८-१० सेंटीमीटर जास्त रुंदी घ्या, वर किमान १०.

मात्र खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते. साधं ड्रिल तिथे नुसतं गरम होतं, हॅमर ड्रिलच हवं. विटेच्या भिंतीत ६ मिमीचं भोक प्लास्टर ओलांडून आत गेलं पाहिजे. स्क्रूचा प्लास्टिक प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये राहिला, तर रोज ओढून ओढून महिनाभरात ब्रॅकेट हातात येतो.

आतला पर्याय दिसायला नेटका, यात वाद नाही. उत्तरेच्या खिडकीला खुशाल लावा. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा आणि सर्वांत कमी माप धरा. गवंडीकाम क्वचितच काटकोनात असतं. त्यातून ६ ते १० मिमी वजा करा. सरकत्या काचेच्या आणि जाळीच्या अलीकडे ६ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर कापड हँडलला घासतं. ग्रॅनाइटच्या चौकटीत कडेजवळ भोक पाडलं की टवका उडतो.

आणि खिडकीत कूलर बसत असेल, तर जूनपर्यंत दोन्ही विसरा.