ट्यूब बफर घ्यायचा, की आधी भिंतीवर चादर टांगायची?

गाण्यातले 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागले, की डिजिटल आवाजाला दोष देत माणूस ट्यूब बफर, म्हणजे प्लेअर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडायची व्हॅक्यूम ट्यूबची छोटी पेटी, शोधायला लागतो. पैसे मोजण्याआधी एक करा. तेच गाणं त्याच डॅकवरून (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) हेडफोनवर ऐका. टोचणं गेलं, तर दोष बहुधा खोलीचा, नाहीतर स्पीकर-ॲम्पचा आहे. सोलापुरात आपल्या खोल्याच तशा असतात. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. आवाज जिरायला जागाच नाही.

अशा खोलीत घरातली जाड सोलापुरी चादर बफरपेक्षा जास्त काम करते, हे मी माझ्या खोलीत अनुभवलं आहे. ती भिंतीला चिकटवू नका. स्पीकरचा आवाज बाजूच्या भिंतीवर जिथे आधी आदळतो तिथे, भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून, दुहेरी करून, चुण्या पाडून टांगा. या अंतरामुळे साधारण ८५० हर्ट्झपासून वरचा आवाज बऱ्यापैकी शोषला जातो. खालचा घुमारा मात्र चादरीने जात नाही.

हेडफोनवरही टोचत असेल, तर इक्वलायझरमध्ये ५ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा २ डेसिबलने खाली घ्या. फुकट आहे, नाही आवडलं तर परत होतं तसं.

आता बफर. यातले बहुतेक कॅथोड फॉलोअर असतात, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारी ट्यूबची जोडणी. गेन (सिग्नलची वाढ) १ पेक्षा किंचित कमी आणि फीडबॅक (आउटपुट परत इनपुटशी ताडणं) पूर्ण, त्यामुळे नीट बांधलेला बफर आवाज फारसा बदलतच नाही. ट्यूबचा म्हणून जो गोडवा सांगतात, तो मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांच्या सुराचा. २४० हर्ट्झच्या षड्जात ४८० चा तार षड्ज हलका मिसळतो, म्हणून तो बेसूर लागत नाही. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या स्वस्त ६जे१ ट्यूबच्या किटमध्ये ट्यूबला व्होल्टेज कमी मिळतं, तिथे ही भेसळ जास्त ऐकू येते. कुणाला ती मनापासून आवडते. पण भेसळीने आवाजात भर पडते, मूळचं टोचणं तिथेच राहतं.

बफरची खरी गरज पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) व्हॉल्यूम कंट्रोल आणि पुढे लांब केबल असेल तेव्हा. तिथे मी ६डीजे८ ट्यूबचा घेईन. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (जितका कमी, तितकी लांब केबल सहज चालते) ८० ओहमच्या आसपास येतो, १२एयू७ ट्यूबचा साडेचारशेच्या. डॅक थेट ॲम्पला जोडला असेल, तर माझं मत चादरीलाच.

बफर घेतलाच, तर ट्यूब तापायला अर्धा मिनिट द्या आणि पॉवर ॲम्प सगळ्यात शेवटी सुरू करा. वीज गेली की ॲम्पचं बटण लगेच बंद करा. नाहीतर वीज परत येताना सगळं एकदम सुरू होतं आणि बफरचा ठोका थेट स्पीकरवर बसतो.