सातव्या महिन्यात ताप आला, जुळे सोलापुरातल्या लॅबचा अनुभव (३ स्टार)

नाव लिहीत नाही, पोरं चांगली आहेत, घोळ काउंटरवर झाला. मी बाळंतपणाला माहेरी आलेय. ताप १०२, डोळ्यांच्या मागं ठणका, अंग असलं दुखतंय की कूस बदलता येईना. घरून सॅम्पल नेतात म्हणून फोन केला तर सकाळी ७ ला मुलगा दारात, आणि माझ्या शिरा लवकर सापडत नाहीत तरी एकाच टोचणीत काम, त्याला पूर्ण मार्क.

आता तक्रार. फोनवर 'डेंगू टेस्ट' म्हटलं तर त्यांनी नुसती आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट) केली, निगेटिव्ह आली, आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला, म्हणे ताप येऊन दुसराच दिवस, अँटिबॉडी दिसायलाच ४-५ दिवस जातात, आत्ता एनएस१ (थेट विषाणूचं प्रोटीन शोधणारी टेस्ट) करायची. परत टोचणी, परत पैसे, आणि पॉझिटिव्ह! निगेटिव्हच्या भरवशावर मी घरातली ब्रुफेन घेतली असती तर? डेंगूत त्यानं ब्लीडिंगचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलच चालते. 'ताप कधीपासून, कितवा महिना' एवढं विचारायला काय जातं ओ?

प्लेटलेटचं काम मात्र झकास. रोज ११ च्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा, आणि ६८ हजारावर आला त्या दिवशी आधी मॅडमना फोन, मग आम्हाला, त्यामुळं अ‍ॅडमिट व्हायला वेळ गेला नाही. बाळ ठीक आहे.

झिकाचंही टेन्शन होतं, २०२४ ला पुण्यात गरोदर बायकांना निघाला होता, मच्छर तोच, दिवसा चावणारा एडिस, बाळाचं डोकं लहान राहू शकतं आणि आईला कित्येकदा तापसुद्धा येत नाही. इथं लॅबनं पॅकेज गळ्यात मारलं नाही, सरळ सांगितलं की मॅडमना विचारा, ते सॅम्पल सिव्हिलमार्फत पुण्याला एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जातं. गेलं, निगेटिव्ह आलं.

आणि तिसऱ्या दिवशी त्याच मुलानं जाता जाता मोबाईलची बॅटरी लावून मोरीतला बॅरल दाखवला, 'मावशी, हे बघा.' नळाला ४-५ दिवसांनी पाणी, साठवल्याशिवाय कुणाचं भागतंय इथं, पण झाकण फुटकं आणि आत वळवळणाऱ्या अळ्या. आई म्हणाली, 'वापरायचं पाणी आहे रे, पिण्याचं नाही.' तो म्हणाला, नुसतं ओतू नका, अंडी कडेला चिकटतात. आईनं तेव्हाच काथ्या घेऊन बॅरल घासला आणि तोंडाला जुनं लुगडं बांधलं.