लोबुचेचं हेलिकॉप्टर: एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर आम्ही कशा फसलो

ताई आणि मी वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड कितीदा झाले याची मोजदाद नाही. ताईची पन्नाशी झाली तेव्हा ठरवलं, आता एकदा नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिंदीत बोलता येतं, आपला रुपया तिथे १ रुपया ६० पैशांचा होतो. सगळंच सोयीचं वाटत होतं.

आमच्या मनात होता अन्नपूर्णा बेस कॅम्प, ४१३० मीटर. काठमांडूच्या ज्या एजन्सीशी फोनवर बोलणं झालं तिथला माणूस म्हणाला, इतक्या लांब येताय तर एव्हरेस्टच करा. ५३६४ मीटर, नऊ दिवस, माणशी ४८ हजार. बाकीच्यांनी ७५ हजारांच्या आसपास सांगितले होते. त्याने फोटो पाठवला: सोनेरी उन्हात न्हालेलं एव्हरेस्ट. ताईने तो फोनच्या वॉलपेपरला लावला. हे शिखर बेस कॅम्पवरून दिसतच नाही, मध्ये एव्हरेस्टचाच पश्चिमेकडचा खांदा आडवा येतो. तो फोटो बेस कॅम्पजवळच्या काला पत्थर या उंच टेकडीवरून काढलेला होता आणि आमच्या नऊ दिवसांत काला पत्थर नव्हताच. पैसे भरण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतेय.

खरी मेख दिवसांत होती. या वाटेवर नामचेला (३४४० मीटर) एक दिवस आणि दिंगबोचेला (४४१०) एक दिवस मुक्काम वाढवतात. तो आराम नसतो, विरळ हवेची सवय शरीराला तिथे होते. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नियम आहे. आमच्या कार्यक्रमातून दोन्ही दिवस गाळलेले होते. नामचेनंतर तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, म्हणजे तीन दिवसांत १५०० मीटर वर. आम्हाला वाटलं, आपल्याला चालायची सवय आहे, जमेल. पण पायांच्या ताकदीचा आणि उंचीच्या त्रासाचा काही संबंध नसतो. रोज पळणाराही आडवा होतो.

दिंगबोचेहून लोबुचेला जाताना वाट धारेवरून जाते आणि डावीकडे खाली फेरिचे गावाची छपरं दिसतात. ताईचं डोकं सकाळपासून जड होतं. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासून. मी वाचलं होतं, म्हणून गाइडला म्हटलं, खाली उतरून दाखवून येऊ. तो म्हणाला, डॉक्टर सुट्टीवर गेलेत, दवाखाना बंद आहे.

लोबुचेला, ४९०० मीटरच्या वर, संध्याकाळी ताईला उलटी झाली. जेवण जाईना. गाइडने खिशातून ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला. लाल आकडा उमटला: ८२. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. कोरोनात आमच्या काकांचा आकडा ८५ वर आला तेव्हा बेडसाठी आम्ही रात्रभर नाशिक पालथं घातलं होतं. ८२ म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. फक्त ते नाशिकच्या उंचीवरचं होतं. लोबुचेच्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात असतो. त्याने माझ्या बोटाला लावला असता तर माझाही ८४ आला असता. मी मागितला, त्याने दिला नाही.

मग तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "दीदी, आज नहीं निकले तो सुबह बॉडी ले जानी पड़ेगी." हे वाक्य ऐकल्यावर माणूस विचार करत नाही. विम्याचं कार्ड माझ्या कमरेच्या पाकिटात होतं, त्यावर चोवीस तास चालणारा नंबर होता, लॉजवर वायफायचं कार्ड मिळत होतं. तो म्हणाला, विम्याचं आमचं ऑफिस बघेल, तुम्ही फक्त इथे सही करा. मी केली. बरोबर जायचं तर तुमचंही नाव रुग्ण म्हणून घालावं लागेल म्हणाला. तेही मी घालू दिलं. मला काहीही झालेलं नव्हतं.

रात्री हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणजे "आज निघा" हे मुळातच शक्य नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सकाळी ताईने अर्धी वाटी भात खाल्ला, स्वतःच्या पायांनी चालत हेलिकॉप्टरपर्यंत गेली. पाच मिनिटांत ते फेरिचेला उतरलं, आणखी दोघांना घ्यायला. समोर दवाखान्याची पाटी होती. दार उघडं होतं. बाकावर चार-पाच जण बसले होते आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक बाई त्यांच्याशी बोलत होती. ताईने माझा हात धरला, आम्ही दोघी काही बोललो नाही. लोबुचेहून तिथे उतरायला दोन-तीन तास लागतात.

काठमांडू १४०० मीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत ताईचं डोकं थांबलं होतं. तरी ठरलेल्या हॉस्पिटलात दोन रात्री, सलाइन, स्कॅन. पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतले आणि डिपॉझिट म्हणून ताईच्या कार्डावरून ३,५०० डॉलर कापले. कागदावर लिहिलं, फुप्फुसात पाणी. उतरलो त्याच दुपारी काढलेला एक्स-रे नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी पाहिला. त्यांच्या मते फुप्फुसं स्वच्छ होती. विमा कंपनीने दावा नाकारला: आधी फोन केला नाही, आणि मी ज्या आजाराची सही केली तो मला नव्हताच. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. सही माझीच आहे, ते नाकारत नाही.

हे एकट्या आमच्या बाबतीत घडलेलं नाही. २०१८ साली नेपाळ सरकारने याच प्रकाराची चौकशी केली होती. गरज नसताना उड्डाणं आणि एका फेरीची अनेक बिलं हेच त्यात पुढे आलं. स्वस्त पॅकेजचा तोटा हेलिकॉप्टर आणि हॉस्पिटलच्या कमिशनमधून भरून निघतो.

पण हे वाचून कुणी खरा त्रास अंगावर काढू नका. बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो, बोलणं असंबद्ध होतं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता येत नाही, अशा वेळी एक मिनिटही न घालवता खाली उतरायचं, हेलिकॉप्टर मिळालं तर त्यानेच. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही, वाढली तर उतरायचं. विम्याला फोन आपण स्वतः करायचा. पॉलिसीत किती मीटरपर्यंतचा ट्रेक चालतो ते घरी असतानाच वाचायचं. आणि एजन्सीला पहिला प्रश्न किमतीचा नको, नामचे आणि दिंगबोचेला किती रात्री आहेत हा विचारा.

तक्रार आम्ही काठमांडूच्या टुरिस्ट पोलिसांकडे आणि पर्यटन विभागाकडे पाठवली आहे. आमच्या बिलात एका माणसाला एक अख्खं हेलिकॉप्टर लावलंय, दोघींना दोन. त्याच हेलिकॉप्टरात फेरिचेला चढलेला ठाण्याचा एक तरुण होता, हाताला पट्टी बांधलेली, आमच्याशी मराठीत बोलला, गडबडीत नाव विचारायचं राहिलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सकाळी आठच्या सुमाराची फेरी, लुक्लाला इंधनासाठी थांबलो तेव्हा त्याने ताईला आपली पाण्याची बाटली दिली होती. तुला किंवा तुझ्या ओळखीच्या कुणाला हे दिसलं तर तुझं बिल काढून ठेव. आमच्या बिलाशेजारी ते ठेवायचं आहे.