‘विसंगती शून्य’ म्हणणाऱ्या रिप्ले टूलने आम्हाला कसं गंडवलं

“मघाशी हे काम तीन नंबरच्या थ्रेडने उचललं होतं ना? मग आता पाच नंबर कुठून आला?”

माझ्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीन बघणाऱ्या माझ्या सीनियरने हे विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, “अगं, रेकॉर्डिंग तेच आहे. तूच काहीतरी वेगळं पाहिलं असशील.” रेकॉर्डिंग खरंच तेच होतं. म्हणूनच तर पाच नंबर यायला नको होता. हे माझ्या डोक्यात शिरायला आणखी मिनिटभर लागलं. तोवर आमचे अडीच महिने पाण्यात गेलेले होते.

टूलचं आणि कंपनीचं नाव देत नाही. करारात तशी अट आहे, आणि हीच हातचलाखी उद्या दुसऱ्या नावानेही तुमच्यासमोर येऊ शकते.

आमची एक सर्व्हिस आहे. रांगेत आलेली कामं आठ थ्रेडमध्ये (म्हणजे एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ धाग्यांत) वाटायची, एवढंच तिचं काम. दोन-तीन आठवड्यांतून कधीतरी एकच काम दोनदा व्हायचं. लॉग वाढवला की बग गायब, डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) जोडला की गायब. ज्यांच्या वाट्याला असे बग आलेत त्यांना पुढचं सांगायला नको. तेव्हा आम्ही ठरवलं की आता रेकॉर्ड-रिप्लेच घ्यायचं. प्रोग्राम चालताना एकदा रेकॉर्ड करायचा, बग सापडला की तीच धाव पुन्हा पुन्हा जशीच्या तशी चालवून बघायची.

‘जशीच्या तशी’ या शब्दांतच सगळं येतं. प्रोसेसर बेरीज-वजाबाकी प्रत्येक वेळी सारखीच करतो, ती साठवायची गरज नसते. साठवायचं असतं ते बाहेरून येणारं: सिस्टीम कॉलने काय परत दिलं, सिग्नल नेमका कुठल्या क्षणी आला, घड्याळाने काय आकडा दिला, आणि सगळ्यात छळणारं म्हणजे कुठल्या थ्रेडने कुणाच्या आधी मेमरीला हात लावला. हे सगळं पकडलं तरच रिप्ले खरा. यातलं एक जरी सुटलं, तरी पुढे जे दिसतं ती त्याच प्रोग्रामची दुसरीच एखादी धाव असते. आणि ती इतकी खरी दिसते की संशयही येत नाही.

विक्रेत्याच्या प्रतिनिधीने डेमो छान दिला. प्रोग्राम रेकॉर्ड केला, परत चालवला, मग ‘व्हेरिफाय’चं बटण दाबलं. हिरव्या पट्टीवर अक्षरं उमटली: जुळणी १०० टक्के, विसंगती ०. मी विचारलं, “आठ थ्रेड आठ कोअरवर एकाच वेळी चालतात, तेही असंच जुळेल?” तो म्हणाला, “सर, तेच तर आमचं वैशिष्ट्य. आणि वेगात फरक दोन टक्क्यांहून कमी.”

खरं तर इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मोझिलामध्ये फायरफॉक्सचे बग पकडण्यासाठी बनलेलं आणि फुकट मिळणारं आरआर नावाचं टूल आहे. ते सगळे थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर आळीपाळीने चालवतं. वेग जातो हे त्यांना माहीत आहे. पण दोन थ्रेड खरोखर एकाच वेळी एकाच मेमरीवर तुटून पडले, तर कोण आधी पोचलं हे स्वस्तात टिपून ठेवायची सोय साध्या प्रोसेसरमध्ये नाही. मग हे लोक आठही कोअर मोकळे सोडून दोन टक्क्यांत ते कसं टिपतात? हा प्रश्न मी विचारलाच नाही. उलट त्या हिरव्या पट्टीचा स्क्रीनशॉट स्लाइडवर चिकटवला आणि वरिष्ठांकडून वर्षाचा परवाना मंजूर करून घेतला. पहिली फसवणूक माझी मीच केली म्हणा ना.

महिन्याभरात बग रेकॉर्डिंगमध्ये सापडला. रिप्लेमध्ये तीन नंबरचा थ्रेड रांगेच्या टोकाशी काहीतरी घोळ करताना दिसला. आम्ही तो भाग दुरुस्त केला, रेकॉर्डिंग व्हेरिफाय केलं (हिरवं, अर्थातच), अहवाल तिकिटाला (बगच्या नोंदीला) जोडला आणि तिकीट बंद केलं. नवव्या दिवशी बग परत हजर. पुन्हा रेकॉर्डिंग, पुन्हा दुसरीकडेच दुरुस्ती, पुन्हा तेच. असं करत करत आम्ही त्या पाच नंबरच्या थ्रेडपाशी येऊन पोचलो.

त्या संध्याकाळी सीनियरने दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. एक सामाईक काउंटर, दोन थ्रेड, प्रत्येकाने त्यात दहा लाख वेळा एक मिळवायचा, लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) मुद्दाम नाही. उत्तर वीस लाख यायला हवं. पण दोघे एकमेकांच्या बेरजा पुसत राहतात, त्यामुळे येतं कमी आणि दर वेळी वेगळं. कोण आधी पोचलं यावर निकाल ठरण्याच्या या प्रकाराला रेस म्हणतात. (करून बघणार असाल तर काउंटर व्होलाटाइल ठेवा. नाहीतर कंपायलर अख्खं लूप एका बेरजेत उरकतो आणि आकडा चुकतच नाही. आमचा अर्धा तास यातच गेला.) रेकॉर्डिंगच्या वेळी स्क्रीनवर आलं: १३,४७,२१९. तिने तो आकडा वहीत लिहिला.

मग रिप्ले. स्क्रीनवर १३,४७,२१९. मी सुटकेचा श्वास टाकला. ती म्हणाली, “थांब, स्क्रीन बघू नकोस. डीबगरने मेमरी वाच.” छापण्याच्या आधीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून काउंटर वाचला, तर त्यात ११ लाखांच्या आसपासचा आकडा. पुन्हा रिप्ले केला तर १५ लाखांच्या वर. वीस वेळा चालवलं, वीसही वेळा मेमरीतला आकडा वेगळा. आणि स्क्रीनवर मात्र न चुकता १३,४७,२१९, खाली हिरवी पट्टी, विसंगती ०.

दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “सर, तुमच्या प्रोग्राममध्ये रेस आहे. रेस असेल तर रिप्लेची हमी देता येत नाही, हे परिशिष्टात आहे.” परिशिष्ट उघडलं. खरंच होतं, सतराव्या पानावर: ‘डेटा रेस नसलेल्या प्रोग्रामांसाठी’. म्हणजे रेस शोधायला घेतलेलं टूल रेस नसेल तरच चालणार. ताप नसेल तरच बरोबर आकडा दाखवणारा थर्मामीटर!

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. फक्त लॉक कुठल्या क्रमाने घेतले गेले तेवढंच टिपायचं, ही युक्ती वाईट नाही, जुनी आहे. सामाईक वस्तूंना कोणी कोणत्या क्रमाने हात लावला तेवढाच क्रम साठवून समांतर प्रोग्राम परत चालवायची कल्पना लब्लँक आणि मेलर-क्रमी यांनी १९८७ सालीच मांडली होती. १९९९ च्या रेकप्ले या प्रणालीत तर लॉकसारख्या समन्वयाच्या क्रियांचाच क्रम टिपला जायचा, आणि म्हणूनच रिप्ले चालू असताना रेस आहे का हे ती स्वतः तपासायची. पहिली रेस सापडली की पुढच्या रिप्लेवर विश्वास ठेवू नका, ही अट तिथे उघड होती. आमच्या विक्रेत्याने युक्ती घेतली आणि तपासणी वगळली. आमचा बग नेमका लॉकच्या बाहेर वाचल्या जाणाऱ्या एका फ्लॅगमध्ये (हो-नाही एवढंच सांगणाऱ्या खुणेत) होता. त्या वाचनाची नोंद होतच नव्हती, त्यामुळे रिप्लेमध्ये तो फ्लॅग कधी कुणाला दिसेल ते नशिबावर. आम्ही अडीच महिने जे दुरुस्त करत होतो ते कधी घडलंच नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला अपुरं टूल म्हटलं असतं, फसवणूक म्हटलं नसतं. माझा प्रश्न हिरव्या पट्टीबद्दल होता. रेस असताना हमी नाही, मान्य. पण मग विसंगती ० कशी? वीस वेळा मेमरी वेगळी असताना पडताळणी नेमकी कशाची होत होती?

म्हणून दुसरा प्रयोग केला. यात थ्रेडच नाहीत, म्हणजे परिशिष्टाचं कारण पुढे करता येणार नाही. प्रोग्राम फाइलमधून एक संख्या वाचतो, दुप्पट करतो, छापतो. फाइलमध्ये लिहिली अगदी मोजून सहा एकं. रेकॉर्ड केलं, उत्तर २२२२२२. मग रेकॉर्डिंगची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडली. ती दाबून लहान केलेली नव्हती, सहा एकं सरळ सापडली. त्यांतला शेवटचा एक बदलून तीन केला. एक बाइट, बस. फाइल जतन केली आणि रिप्ले चालवला.

खरं टूल असेल तर दोनच गोष्टी व्हायला हव्यात. एकतर रेकॉर्डिंगला कुणीतरी हात लावलाय म्हणून ते फाइल नाकारेल. किंवा चालवेल, प्रोग्राम २२२२२६ छापायला जाईल, आणि नोंदीत २२२२२२ असल्याने टूल तिथेच ओरडेल. इथे काय झालं? डीबगरमध्ये व्हेरिएबलची किंमत २२२२२६. स्क्रीनवर २२२२२२. पट्टी हिरवी. जुळणी १०० टक्के.

आता उलगडलं. रिप्लेमध्ये प्रोग्रामने काहीही छापायला घेतलं तरी टूल ते टाकून द्यायचं आणि रेकॉर्डिंगमधली जुनी अक्षरं स्क्रीनवर दाखवायचं. पडताळणी व्हायची ती या जुन्या अक्षरांची, त्याच जुन्या अक्षरांशी. परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या जागी आदर्श उत्तरांची झेरॉक्स तपासायची आणि पैकीच्या पैकी गुण द्यायचे, तसं.

पुढच्या कॉलवर त्यांचा इंजिनियरही होता. बिचारा खरं बोलला. “आउटपुट आम्ही रेकॉर्डिंगमधूनच दाखवतो, कारण ग्राहकाने प्रत्यक्षात तेच पाहिलेलं असतं.” मी विचारलं, “आणि तुलनेच्या दोन बाजू?” दोन सेकंद शांतता. मग, “दोन्ही तिथूनच येतात. सध्या.” त्या ‘सध्या’वर प्रतिनिधीने लगेच घाईघाईने विषय बदलला. पैसे परत मिळाले नाहीत. परवाना सहा महिने वाढवून देतो म्हणाले. नको असलेली वस्तू आणखी सहा महिने!

खरी पडताळणी कशी असते हे मी नंतर आरआरमध्ये पाहिलं. रेकॉर्डिंग चालू असतानाच प्रत्येक घटनेला प्रोसेसरच्या रजिस्टरांची (त्याच्या आतल्या छोट्या साठवण-जागांची) स्थिती नोंदवली जाते, आणि रिप्ले त्याच घटनेला पोचला की प्रत्यक्षातली रजिस्टरं तिच्याशी ताडून बघितली जातात. जुळली नाहीत तर रिप्ले तिथल्या तिथे थांबतो. हवं असेल तर मेमरीचे चेकसमही (तिच्यातल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) रेकॉर्डिंगच्या वेळी काढून ठेवता येतात. मग चाल फारच मंदावते, पण संशय असेल तेव्हा तेच करायचं. सिग्नल कुठे द्यायचा हे ठरवायला पूर्ण झालेल्या सशर्त ब्रँचची (‘अमुक असेल तर इकडे वळ’ अशा सूचनांची) संख्या मोजतात, कारण सूचनांची सरळ मोजणी इंटरप्ट आणि पेज फॉल्टमुळे इकडेतिकडे होते. आणि अटी लपवत नाहीत: एएमडीच्या झेन प्रोसेसरवर एक सेटिंग बंद केल्याशिवाय ही मोजणी भरवशाची नाही, हे ते स्वतःच सांगतात. ज्याला आपलं काम कुठे फसतं हे माहीत असतं, तोच एवढं नेमकं सांगू शकतो.

एका बाबतीत आमचीही गल्लत होत होती, ती सांगतो. सुरुवातीला आम्ही दोन रिप्ले एकमेकांशी ताडून ‘सारखे आले’ म्हणून खूश व्हायचो. दहा वेळा तेच सांगणारा साक्षीदार खरं बोलतोय असं त्यातून ठरत नाही. खूण मूळ धावेतच उमटलेली हवी, आणि रिप्लेमध्ये ती मेमरीतून वाचलेली हवी, स्क्रीनवरून नाही. म्हणून आता कुणी रिप्ले टूल दाखवायला आलं की आम्ही त्याच्या डेमोच्या प्रोग्रामला हात लावत नाही. आपला काउंटर चालवायचा, आकडा वहीत लिहायचा, मेमरी वाचायची. मग रेकॉर्डिंगचा एक बाइट बदलायचा आणि म्हणायचं, आता तुमची पट्टी लाल करून दाखवा. एक प्रतिनिधी यावर चक्क रागावला होता. दुसऱ्याने विचारलं, “कुठला बाइट बदलू?” त्याच्याशी पुढचं बोलणं झालं.

मूळ बगचं म्हणाल, तर तो आरआरच्या केऑस मोडमध्ये सापडला. त्यात थ्रेडांच्या प्राधान्यक्रमात मुद्दाम उलटापालट केली जाते, त्यामुळे एका कोअरवरही दडलेल्या रेस बाहेर येतात. रात्रभर फेऱ्या लावून ठेवल्या, सकाळी एक रेकॉर्डिंग पडलेलं होतं. फ्लॅगवर वॉचपॉइंट (त्या जागेला कुणी हात लावला की प्रोग्राम थांबवणारी खूण) लावून प्रोग्राम उलटा चालवला, आणि लॉक घेण्याच्या आधीच फ्लॅग वाचणाऱ्या ओळीवर येऊन थांबला. दोन ओळींची अदलाबदल, संपला विषय. सीनियरने आधी वही काढून आकडा जुळवला, मगच मला कमिट करू दिलं.

परवान्याची मुदत संपत आल्यावर विक्रेत्याचा नूतनीकरणाचा मेल आला. नव्या आवृत्तीत काय काय आहे याची यादी होती. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: पडताळणी अहवाल आता पीडीएफमध्येही मिळणार.